आतला लखोटा

१९८५ सालच्या विधानसभा निवडणुकीत मी दिलेले मत मोजले गेले नव्हते, ही गोष्ट मला २००९ साली, म्हणजे चोवीस वर्षांनी कळली. ती मला कोणी सांगितली नाही, आणि तसे कोणाला कळविण्याचा प्रघातही नाही. कुडाळ मतदारसंघाच्या मतमोजणीत टपाली मतपत्रिकांच्या मेजावर मी बसलो असता कोणा अनोळखी कर्मचाऱ्याचा लखोटा माझ्या समोर आला, तो ज्या रीतीने भरला गेला होता त्याच रीतीने मी माझा भरला होता याचे मला स्मरण झाले, आणि त्या लखोट्यावर नामंजुरीचा शेरा पडत असतानाच माझ्याही लखोट्याची पूर्वी काय गती झाली असली पाहिजे, हे मला उमगले.

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून विभक्त झाला तो १ मे १९८१ रोजी, आणि त्यानंतरच्या वर्षी मी मालवणच्या तहसील कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो. जुन्या माणसांच्या तोंडी ती मामलेदार कचेरीच होती आणि काहींच्या तोंडी आजही आहे. आरंभीची काही वर्षे मजकडे बारनिशी होती. आलेला प्रत्येक कागद आवक वहीत चढवावयाचा, त्याला क्रमांक द्यावयाचा, त्याचे सहपत्र त्याला टाचून संबंधित मेजावर धाडावयाचे, आणि कोणताही कागद सुटा राहू द्यावयाचा नाही, हा त्या कामाचा पहिला दंडक होता. हा दंडक माझ्या हाडीमासी इतका खिळला की, ज्या कागदाचा ज्या कागदाशी संबंध आहे ते दोन्ही एकत्र ठेवणे यालाच मी नीटनेटकेपणा समजू लागलो. माझे ते मत बुडाले ते निष्काळजीपणाने नव्हे. एका कामात उपयोगी पडलेली शिस्त मी तिचे प्रयोजन न तपासता दुसऱ्या कामात नेली, म्हणून बुडाले.

त्या काळी मालवण या नावाचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो लोपला आणि मालवण तालुका कुडाळ मतदारसंघात गेला. निवडणुकीच्या कामाचा हुकूम आला तो सावंतवाडीकडच्या एका गावी मतदान अधिकारी म्हणून जाण्याचा. आपले नाव एका मतदारसंघाच्या यादीत आणि आपली नेमणूक दुसऱ्या मतदारसंघात, अशी स्थिती आली म्हणजे कर्मचाऱ्याने नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागावयाची असते. लोकसभेच्या वेळी मतदारसंघ विस्तीर्ण असल्यामुळे नेमणूक बहुधा त्याच्याच हद्दीत होते, आणि मग निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र दाखवून ज्या केंद्रावर काम आहे तेथेच मत देता येते; परंतु विधानसभेला ही सोय पुष्कळांच्या वाट्याला येत नाही. मी अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि नेमणुकीच्या गावी निघण्यापूर्वी दोन दिवस टपालाने जाडसर पाकीट घरी आले. त्यात मतपत्रिका होती, प्रतिज्ञापनाचा एक कागद होता, एक लहान लखोटा होता, एक मोठा लखोटा होता, आणि सूचनांचा एक दाट छापील कागद होता, जो मी कंदिलाच्या उजेडात एकदा वरवर वाचला आणि बाजूस ठेवला.

मत मी विचारपूर्वक दिले. मतपत्रिकेवर ज्या नावासमोर खूण करावयाची त्या नावासमोर ती स्पष्ट केली, घडी घातली, आणि मग मजपुढे असा प्रश्न उभा राहिला की, हे मत माझेच आहे असे सांगणारे, माझ्या सहीचे आणि एका राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाचे ते प्रतिज्ञापन कोठे ठेवावे. बारनिशीने लगेच उत्तर दिले: सहपत्र मूळ कागदासोबत. मी दोन्ही कागद लहान लखोट्यात घातले, खळ लावून तो बंद केला, मोठ्या लखोट्यात सारला, मोठ्यावर सही केली, आणि मालवणच्या टपाल कचेरीत तो स्वतःच्या हाताने पेटीत टाकला. ज्या किनाऱ्यावर घरोघरची चूल मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटत असे, त्या किनाऱ्यावर टपालात टाकलेली वस्तू पोहोचतेच, या विषयी कोणाच्या मनात किंतु नसे. माझाही लखोटा पोहोचला असणारच. तो पोहोचूनही व्यर्थ गेला.

या दोन लखोट्यांची योजना कशासाठी केली आहे, हे त्या रात्री मला कोणी समजावून दिले असते तर मी ही चूक केली नसती, असे आज खात्रीने म्हणतो. कारण नियम नुसता पाठ केला तर तो विसरतो, पण त्याचे प्रयोजन कळले म्हणजे हात आपोआप नीट चालतो. मतदान केंद्रावर मतदाराचे नाव आणि त्याचे मत यांची फारकत तेथील रचनाच करून देते: नाव यादीशी पडताळले जाते, बोटाला शाई लागते, आणि मत आडोशाआड दिले जाते. टपालाने येणाऱ्या मताला असा आडोसा नसतो. नाव आणि मत यांना एकाच पाकिटातून प्रवास करावा लागतो. मग मत गुप्त कसे राहावे, आणि ते खऱ्या मतदाराचेच आहे याची खातरजमा तरी कशी व्हावी? १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांनी याचे उत्तर असे दिले आहे की, नमुना १३-ब म्हणजे लहान लखोटा, त्यात केवळ मतपत्रिका, दुसरे काहीही नाही. नमुना १३-अ म्हणजे प्रतिज्ञापन, ते लहान लखोट्याच्या बाहेर. आणि ही दोन्ही नमुना १३-क या मोठ्या लखोट्यात, शेजारी शेजारी पण परस्परांपासून अलग. या दोहोंना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे मतपत्रिकेचा अनुक्रमांक, जो प्रतिज्ञापनावरही लिहावा लागतो आणि लहान लखोट्यावरही. मोजणीच्या दिवशी मोठा लखोटा उघडतात, प्रतिज्ञापन बाहेर काढून सही, साक्षांकन आणि क्रमांक तपासतात, लहान लखोट्यावरील क्रमांकाशी तो ताडून पाहतात, आणि सर्व जुळले म्हणजे प्रतिज्ञापने एका गठ्ठ्यात आणि न उघडलेले लहान लखोटे दुसऱ्या गठ्ठ्यात जातात. प्रतिज्ञापने मोहोरबंद झाल्यावरच लहान लखोट्यांना कात्री लागते. त्या वेळी मेजावर केवळ मते असतात. ती कोणाची हे सांगणारा कागद तेथे उरलेला नसतो. इतक्या साध्या साधनांनी इतके नाजूक कार्य साधणारी दुसरी योजना माझ्या चाकरीत माझ्या पाहण्यात आली नाही.

आता ज्याने प्रतिज्ञापन लहान लखोट्यातच घातले त्याचे काय होते, ते पाहा. मोठा लखोटा उघडला, आत लहान लखोटा आहे, पण प्रतिज्ञापन नाही. ते लहान लखोट्यातच असावे असा तर्क मेजावरच्या प्रत्येकाला होतो. बोटांना त्याची जाडी लागते. परंतु तर्कावर लखोटा उघडता येत नाही. तो उघडला आणि आत नाव व मत एकत्र सापडले, तर त्या मतदाराने कोणाला मत दिले हे दहा माणसांना कळेल, आणि ज्या गुप्ततेसाठी हा खटाटोप केला तीच नष्ट होईल. म्हणून नियम ५४-अ सांगतो की, ज्याचे प्रतिज्ञापन मिळत नाही, अथवा रीतसर स्वाक्षरित वा साक्षांकित नाही, अथवा त्यातील क्रमांक लखोट्यावरील क्रमांकाहून भिन्न आहे, त्याचा लहान लखोटा उघडावयाचाच नाही. आतील मतपत्रिका न पाहताच नामंजूर करावयाची.

२२ ऑक्टोबर २००९ च्या सकाळी असाच एक लखोटा माझ्या हाती होता. पाऊस सरता सरता पुन्हा एक सर येऊन गेली होती, आणि घामेजल्या बोटांचा ओलावा कागदाला लागू नये म्हणून मी हातरुमाल गुडघ्यावर ठेवला होता. आठाच्या ठोक्याला मोजणी सुरू झाली. टपाली मते प्रथम घेतात, आणि यंत्रांवरील मोजणीला अर्ध्या तासाने आरंभ होतो. मोठा लखोटा मी उघडला, आतला काढून दाखविला आणि म्हटले, ‘‘प्रतिज्ञापन नाही.’’ निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी मोठा लखोटा पुन्हा उपडा करून पाहावयास सांगितले, मी पाहिला, उमेदवारांच्या प्रतिनिधींनी पाहिला. लहान लखोटा कडेकडेने खळ लावून अत्यंत काळजीने बंद केलेला होता. त्या काळजीनेच मला कंदिलाची ती रात्र आठवली. शेरा लिहिला गेला, लहान लखोटा न उघडता मोठ्यात परत गेला आणि नामंजूर लखोट्यांच्या पुडक्यात पडला. आतील मत कोणाला होते हे कोणालाच कधी कळणार नाही. ते विरोधात दिलेले मत नव्हते, तटस्थही नव्हते, पण अस्तित्वातही आले नाही. मी पुढचा लखोटा उचलला. काम थांबवता येत नव्हते.

त्या सकाळी आणखी जे लखोटे नामंजूर झाले त्यांची कारणे मी घरी येऊन माझ्या खाजगी वहीत टिपून ठेवली, आणि पुढे निवृत्तीपर्यंत प्रत्येक निवडणुकीत ती टिपत गेलो. प्रतिज्ञापनावर मतदाराची सही आहे पण साक्षांकन करणाऱ्याची नाही. साक्षांकन आहे पण मतदारच सही विसरला. अनुक्रमांकाच्या जागी मतदाराने यादीतील आपला भाग आणि क्रमांक लिहिला, कारण क्रमांक म्हटल्यावर त्याला तोच आठवला. काहींनी मतपत्रिकेवरच सही केली होती. हे बहुतांशी आम्ही सरकारी माणसेच करतो, कारण हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर सही करण्याची आमच्या हाताला सवय जडलेली असते. परंतु ज्या खुणेवरून मतदार ओळखता येईल अशी कोणतीही खूण मतपत्रिकेला बाद करते. कोणी एका नावासमोर फुली मारून चूक वाटताच ती खोडली आणि दुसऱ्यासमोर केली. आणि काही लखोटे वेळेवर पोहोचलेच नव्हते. आठ वाजण्यापूर्वी पोहोचले तेच घ्यावयाचे; त्या नंतर आलेल्यावर दिनांक आणि वेळ नोंदवून तो तसाच बंद ठेवावयाचा, मग तो टपाल कचेरीत किती दिवस आधी पडला होता याची विचारपूस नाही. आमच्याकडे घाटात दरड कोसळली की एस.टी.ची गाडी अडकते आणि तिच्यासोबत टपालाचा थैलाही. म्हणून मतपत्रिका हाती पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती परत रवाना करा, असे मी सांगत असे.

ते सांगण्याचे काम मी २००९ नंतर आपण होऊन अंगावर घेतले. निवडणुकीपूर्वी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांची प्रशिक्षणे होतात. यंत्र कसे जोडावे, अभिरूप मतदान कसे घ्यावे यांत दिवस सरतो, आणि टपाली मताचा विषय निघतो तो चहा झाल्यावर, घरी जाण्याची वेळ होता होता. मी वरिष्ठांकडे केवळ पंधरा मिनिटे मागितली, तीही चहापूर्वी. सूचना वाचून दाखविण्याऐवजी मी दोन कोरे लखोटे आणि दोन कागद घेऊन उभा राहत असे, आणि सभागृहातील एखाद्या बाईंना मोजणीच्या मेजावरील कारकून करून माझा लखोटा त्यांच्याकडून उघडवीत असे. पहिल्या खेपेस मी मुद्दाम १९८५ सारखाच भरत असे. बाई तो उघडून गोंधळून म्हणत, ‘‘साहेब, यात दुसरा कागद नाही.’’ मी म्हणे, ‘‘आहे, आतल्यात आहे. आता काय कराल?’’ सभागृह थोडा वेळ गप्प होई. त्या नंतर मला फारसे काही सांगावे लागत नसे. पोईपच्या एका शिक्षकाने मात्र एकदा विचारले की, मग प्रतिज्ञापन आपल्यापाशीच ठेवले आणि नुसती मतपत्रिका पाठविली तर? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण गुप्तता पाळावी तर ती संपूर्णच, असा विचार करणारा माणूसच तो विचारू शकतो. मी म्हटले, ‘‘गुरुजी, तसे केले तर ते मत कोणाचेच होणार नाही. नाव हवेच, फक्त ते दाराबाहेर उभे राहिले पाहिजे.’’

हा सारा तपशील क्षुल्लक आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ४ जून २०२४ चा दिवस आठवावा. मुंबई उत्तर-पश्चिम या लोकसभा मतदारसंघात, जेथे जोगेश्वरी-गोरेगावच्या चाळींतून आमच्या मालवणी चाकरमान्यांच्या पिढ्या नांदल्या, यंत्रांवरील मोजणीअखेर दोन प्रमुख उमेदवारांत अवघ्या एका मताचे अंतर होते. टपाली मते मिळविल्यानंतर निकाल ४८ मतांनी उलट बाजूस लागला. आणि त्याच मतदारसंघात नामंजूर ठरलेल्या टपाली मतपत्रिकांची संख्या १११ होती. त्या निकालावर पुढे न्यायालयात वाद झाला आणि विजय कायम राहिला. त्या वादात मला शिरावयाचे नाही. माझ्या डोळ्यांसमोर येतात ती १११ माणसे, ज्यांनी मत देण्यासाठी अर्ज करण्याचे, सही घेण्याचे, वेळ काढण्याचे श्रम केले, आणि ज्यांच्या मतांची गोळाबेरीज लाखोंच्या मतदानात निकालाच्या फरकाच्या दुपटीहून अधिक होती.

२०२३ साली नियम बदलले. निवडणूक कर्तव्यावरील कर्मचाऱ्याने टपाली मतपत्रिका सुविधा केंद्रातच घ्यावी, तेथेच मत द्यावे, तेथेच पेटीत टाकावी, असे ठरले. साक्षांकन करणारा अधिकारी तेथे समोर बसलेला असतो, आणि माझ्यासारख्याची चूक होण्यापूर्वीच कोणी तरी हात धरतो. ही सुधारणा मला मनापासून योग्य वाटते.

टपालाने खरोखर प्रवास करणारे मत आता मुख्यतः सैनिकांचे उरले आहे. आंबोली-चौकुळच्या बाजूस सैन्यात जाण्याची जुनी परंपरा आहे, आणि तेथील मुले सीमेवर जेथे कोठे असतील तेथे २०१६ पासून कोरी मतपत्रिका संगणकीय मार्गाने पोहोचते. पूर्वी तिला जाण्यास जे दिवस लागत ते वाचले. परत येताना मात्र ती कागदाच्याच रूपाने स्पीड पोस्टाने येते, आणि लखोट्यावर लावावयाच्या छापील पट्ट्या, प्रतिज्ञापन, मतपत्रिका ही सर्व तेथेच छापून, कापून, चिकटवावी लागतात. त्यांवर चौकोनी क्यूआर कोड असतो आणि मोजणीच्या मेजावर तो यंत्राने वाचतात. पण मोठ्या लखोट्याची पट्टी लहानावर गेली, की घोटाळा आहेच. सैनिकासोबत राहणाऱ्या पत्नीलाही हा हक्क आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ‘पत्नी’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ अशा अर्थाचा शब्द आल्यामुळे सैन्यातील स्त्री-अधिकाऱ्याच्या पतीलाही तो मिळाला.

परंतु या किनाऱ्याची एक व्यथा अद्याप तशीच आहे. दांडीवरचा, सर्जेकोटचा, आचऱ्याचा मुलगा व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून जातो, सात-आठ महिने समुद्रावर असतो, आणि त्याला टपाली मताचा हक्क नाही. माझ्या शेजारच्या घरातील एका तरुणाने जहाजावरून मला फोन करून विचारले, ‘‘काका, तुम्ही एवढ्या लोकांक शिकवल्यात, माका कसा करूचा ता सांगा.’’ मला त्याला नाही म्हणून सांगावे लागले. ज्या भूमीला आरमाराचा इतिहास आहे, जिच्या समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे, तिच्या नाविकाला मतदानाच्या दिवशी मतदार म्हणून कोठेच उभे राहता येऊ नये, हे मला मान्य नाही, आणि मी ते प्रत्येक योग्य ठिकाणी बोलत आलो आहे.

२०२४ च्या लोकसभेच्या वेळी, आमच्याकडे ७ मे रोजी मतदान झाले त्याच्या काही दिवस आधी, माझ्या आत्याने घरीच मत दिले. ती देवबागला राहते, जेथे एका हाताला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या हाताला समुद्र आहे, वय एकोणनव्वद. पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांना ही सोय आहे, आणि त्यासाठी अधिसूचनेपासून पाच दिवसांच्या आत नमुना १२-ड भरून द्यावा लागतो. तो भरताना मी तिला बजावले होते की, एकदा हा अर्ज मंजूर झाला म्हणजे यादीत तुझ्या नावापुढे ‘पीबी’ अशी खूण होते आणि मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. ती म्हणाली, ‘‘केंद्रार माका कोण उचलून नेतलो? घरीच बरा.’’

दोन अधिकारी, एक पोलीस आणि चित्रण करणारा मुलगा, असे पथक माडांच्या सावलीतून आले. खळ्यात खुर्ची आणि पुठ्ठ्याचा आडोसा मांडला गेला, आणि मी नियमाप्रमाणे बाहेर तुळशीपाशी जाऊन उभा राहिलो. आत किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मग तिने मला हाक मारली. घडी केलेली मतपत्रिका लहान लखोट्यात बंद झाली होती आणि प्रतिज्ञापनावर ती सही करीत होती. मराठी चौथीपर्यंत शिकलेली, वीसएक वर्षे सहीचा प्रसंग न आलेली, तिने स्वतःचे संपूर्ण नाव एकेक अक्षर जोडून लिहिले, आणि अधिकारीबाई न कंटाळता कागद धरून उभ्या राहिल्या. त्यांनी साक्षांकन केले, लहान लखोटा आणि प्रतिज्ञापन मोठ्या लखोट्यात घालण्यासाठी उचलले. आत्याने त्यांचा हात धरला.

‘‘नंबर जुळलो मा?’’

बाईंनी दोन्हींवरील क्रमांक मोठ्याने वाचून दाखविला, आधी प्रतिज्ञापनावरचा, मग लखोट्यावरचा. आत्याने मान हलविली, आणि हात सोडला.